उकरणारे मासे आणि बिचारा फिल्टर

"मासा उकरतो ना, मग टाकीतली वाळूच काढून टाका," हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. फिल्टर घरघरायला लागला की खापर माशावर फोडायचं आणि त्याला उघड्या काचेवर ठेवायचं. हा कुठला न्याय?

मंडळी, उकरणं ही त्याची खोड नाही, तो त्याचा संसार आहे. जिओफेगस या नावाचा अर्थच मुळी 'माती खाणारा'. तोंडात वाळू भरायची, खाण्याजोगं तेवढं ठेवायचं, बाकीची कल्ल्यांतून सोडून द्यायची. दिवसभर हाच उद्योग. १९५२ साली भारतात आणलेला आणि आता आपल्या तलावांत ठाण मांडून बसलेला टिलापिया घ्या. त्याचा नर तळात खड्डा करतो आणि मगच मादीला बोलावतो. वाळू काढली की मासा जगतो, पण नुसता इकडून तिकडे फिरत राहतो.

बरं, आपल्या भागातल्या वाळूची एक गंमत आहे. रेणा काय नि मांजरा काय, दोन्ही नद्या काळ्या बेसाल्ट खडकावरून वाहणाऱ्या. या खडकात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. कोरड्या वाळूतून चुंबक फिरवून बघा, काळी मिशी फुटते त्याला! आणि फिल्टरच्या मोटरमध्ये फिरणारा पंखा असतो चुंबकावरच बसवलेला. माशाने उडवलेले कण आत गेले की ते तिथेच चिकटतात, दांडा घासतात आणि एक दिवस पंखा अडकतो. त्यात वीज गेली-आली की झालंच. चालू पंखा कसाबसा फिरत असतो, थांबलेला पुन्हा सुरू होत नाही. हे रात्री घडलं तर सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड वासून असतात.

मग करायचं काय? मोठा खर्च नाही. वाळू टाकण्याआधी चुंबक फिरवून काळे कण काढा आणि ती स्वच्छ धुवा. लिंबू पिळून पाहा. फसफसली तर त्यात चुनखडी आहे, पाणी आणखी जड होईल. फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड वाळूपासून चांगलं वीतभर वर ठेवा आणि त्यावर जाड स्पंज चढवा. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. क्लोरीनच्या नळाखाली धरला तर घाण खाणारे उपयोगी जिवाणूही मरतात. टाकीत हात घालण्याआधी मोटर बंद. दगड वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकवा, नाहीतर मासा खालून उकरेल आणि दगड काचेवर आदळेल.

आणि खरं सांगू? छोट्या टाकीला साधा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यात बरा. पाण्यात फिरणारा भागच नाही, मग अडकणार काय? हवेचा पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येणार नाही.

कोणी म्हणेल, माशांसाठी एवढा खटाटोप कशाला? तर ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात बसून आपण शोभेसाठी पाणी भरून ठेवतो आहोत. फिल्टर बंद पडून टाकी नासली तर मासेही जातात आणि ते पाणीही. नेहमी बदलताना काढलेलं पाणी निदान झाडांना तरी घालता येतं.

टाकी आपण आणली, वीज आपली, मोटर आपली. मासा मागायला आला नव्हता. तेव्हा जुळवून घ्यायचं असेल तर ते यंत्राने घ्यावं, माशाने नव्हे.

असो. आज घरी गेलात की टाकीतल्या वाळूत आणि फिल्टरच्या तोंडात किती अंतर आहे, तेवढं बघा.