ट्यूबलाइटखालची दुसरी पाल

हिंगोलीचा, नांदेडचा आणि यवतमाळकडचा असे रस्ते वारंगा फाट्यावर एकत्र येतात. रात्री खिचडीसाठी गाड्या थांबतात. गिऱ्हाइकांचे लक्ष ताटात. वर दिव्याकडे कोण बघतो? तिथे रोज एक नाटक रंगलेले असते. दिवा एक आणि पाली दोन!

दिव्याला किडे येतात, म्हणून दिव्याजवळची जागा म्हणजे भिंतीवरची बागायती जमीन. ती एका थोराड नराने अडवलेली असते. दुसरा नर सरकत आला की पहिला चुकचुकतो, शेपटी वळवळवतो; तेवढ्याने भागले नाही तर चावतो. हरलेला तुळईमागे पळतो, वेळ पडली तर तुटकी शेपटी मागे टाकून. तंटा मिटला. ना पंच, ना कोर्ट. पण हा तंटा मिटतो, कारण भिंत मोठी असते आणि हरणाऱ्याला पळायला वाट असते.

हे सांगायचे कारण असे, की आता शहरांतल्या काही घरांत पाल पाळली जाते. नाक मुरडू नका! अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हे मूळ घर असलेली ठिपक्यांची लेपर्ड गेको जगभर काचेच्या पेटीत सांभाळली जाते. तिच्या डोळ्यांना पापण्या असतात, ती भिंतीवर चढत नाही, आणि नीट ठेवली तर पंधरा वर्षेही जगते. मुलाच्या हट्टापायी एक येते. मग वडील मंडळींना कळवळा येतो, ‘बिचारी एकटी कंटाळत असेल’, आणि दुसरी आणून त्याच पेटीत सोडली जाते.

माझे स्पष्ट मत आहे, हा कळवळा चुकीच्या जागी आहे. एकत्र कुटुंबाची आपली हौस पालीच्या गळ्यात कशाला? दोन नर एकत्र ठेवले तर रक्त निघते. नर-मादी ठेवली तर मादीला उसंत मिळत नाही. दोन माद्या बरेच दिवस शांत दिसतात, आणि खरी फसगत तिथेच होते. एकीच्या अंगावर दुसरी पहुडलेली पाहून आपण म्हणतो, काय माया! प्रत्यक्षात उबदार जागा एकच असते, ती जबरदस्त असेल ती बळकावते. दुसरी कोपऱ्यात बसते, खाणे सोडते, आणि जिच्यात चरबी साठते ती शेपटी बारीक होत जाते. शिवाय नव्या पालीबरोबर आतड्याचे जंतू येऊ शकतात, म्हणून तिला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. दुसरी हवीच असेल तर पेटीही दुसरी हवी. तेवढी जागा, पैसा आणि चिकाटी नसेल तर पहिलीवर थांबावे.

घरातली किंवा रानातली पाल पकडून डब्यात घालू नये, हे वेगळे सांगायला नकोच. ईशान्येकडच्या मोठ्या टोके पालीचे काय झाले ते पाहा. तिच्यापासून एड्सवर औषध होते, अशी आवई उठली आणि पाल लाखमोलाची ठरली. 2011 मध्ये फिलिपाइन्सच्या आरोग्य खात्याला या उपचाराविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. 2019 मध्ये तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधने आली.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. पंचांगात पाल कुठल्या अवयवावर पडली म्हणजे काय फळ, याचे कोष्टक. मनात शंका आली तर चुकचुकते तीही पालच. आणि दिसली की झाडू. दुधात पाल पडली की विषबाधेची ओरड होते. आपल्या घरातल्या पालीला विष नसते. मात्र तिच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून ते दूध ओतूनच द्यावे. पण त्यासाठी पातेल्यावर झाकण पुरते; पाल मारावी लागत नाही.

पोरांना पाल हवी आहे ना? मग संध्याकाळी ओट्यावर बसवा आणि ट्यूबलाइटखाली कोण आधी येते, कोण कोणाला हुसकावते, ते वहीत टिपू द्या. खर्च शून्य, आणि दुसरी पाल आपल्या पायांनी येते. एवढेच करा, की दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या फोटोमागे दोन पांढरी, खडूसारखी टणक अंडी सापडली तर ती केरात टाकू नका. साधारण दीड-दोन महिन्यांत त्यातून बोटाच्या पेराएवढी पिल्ले निघतात आणि लगेच डासामागे धावतात.