कॅरिओटाइपिंग गाळू नका

गुरुग्राम-नोएडातल्या प्रयोगशाळांमुळे दिल्लीच्या परिसरात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचा एनजीएस अहवाल आता सहज मिळतो. त्यासोबत एक सवयही जडू लागली आहे: पॅनेल करायचे आणि कॅरिओटाइपिंग गाळायचे. रोहतकहून किंवा मेरठहून आलेल्या कुटुंबाला दोन्हींचा खर्च सांगताना जीभ अडखळते, हे मान्य. तरीही ही काटकसर भलत्या जागी होते आहे.

तिसऱ्या गुणसूत्राचे इन्व्हर्जन घ्या. तुकडा उलटा बसतो आणि गाटा-२ जनुकाचा एन्हान्सर ईव्हीआय-१च्या शेजारी जाऊन पडतो. रॉटरडॅमच्या गटाने २०१४मध्ये हे दाखवले. दोन्ही जनुकांचे अक्षर न् अक्षर शाबूत असते. पण ईव्हीआय-१ बेसुमार चालते आणि एन्हान्सर गमावलेली गाटा-२ची प्रत थंडावते. एकाच उलथापालथीत दोन बिघाड! एक्सॉन वाचणाऱ्या पॅनेलला इथे सापडण्याजोगे काही नसते. आरएनए फ्युजन पॅनेलही बहुतेकदा रिकाम्या हाताने परतते, कारण संकरित प्रथिन तयारच होत नाही. अहवालात उरते एखादे एनआरएएस. त्यावर विसंबून रुग्ण मध्यम जोखमीत बसवला जातो. ईएलएन २०२२नुसार तो प्रतिकूल गटातला असतो आणि प्रत्यारोपणाची बोलणी सुरुवातीलाच व्हायला हवीत.

हा एकटादुकटा प्रकार नाही. टी-पेशींच्या काही ल्युकेमियांत टीएएल-१च्या सुमारे साडेसात हजार अक्षरे अलीकडे मोजकी अक्षरे घुसतात, तिथे एमवायबी प्रथिनाला बसायला जागा होते आणि बंद राहायला हवे ते जनुक चालू होते. याउलट एपीएलमध्ये पीएमएल-आरएआरए कोरिप्रेसर ओढून आणते व प्रोमायलोसाइटची परिपक्वता अडवते. एटीआरए तो अडसर काढते. ते निदान किमान पीसीआरवर तरी होते.

म्हणून स्लाइड नीट पाहा. प्लेटलेट्स नॉर्मल किंवा वाढलेल्या, एकखंडी केंद्रकाचे बुटके मेगाकॅरिओसाइट, सोबत मोनोसोमी ७: असे दिसले की मेकॉमचे, म्हणजे ईव्हीआय-१च्या जागेचे, फिश मागवाच.

कॅरिओटाइपिंगला जिवंत, विभाजन होणाऱ्या पेशी लागतात. मे-जूनच्या दिल्लीत दिवसभर दुचाकीवर फिरलेल्या नमुन्याकडून काय अपेक्षा करणार? नळी हेपरिनची हवी, ईडीटीएची नव्हे, आणि त्यात पहिल्या ओढीतली मज्जा घाला. शनिवारी दुपारी काढलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहणार असेल, तर आधी प्रयोगशाळेला फोन करा. ‘कल्चर फेल’ असा शेरा आला तरी फाइल मिटू नका: फिश विभाजन न होणाऱ्या पेशींवरही होते, ते त्याच आठवड्यात करून घ्या.