स्वाधीन काय, पराधीन काय

आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याचा विवेक करावा, जे हाती नाही त्याविषयी शोक करू नये, हा प्राचीन स्टोइक तत्त्ववेत्त्यांचा उपदेश अलीकडे पुन्हा प्रचारात आला आहे, आणि त्याचे मनापासून स्वागत करावे असेच मला वाटते. परंतु ज्या रूपात तो आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गापुढे मांडला जातो, ते रूप अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणामुळे एका तेजस्वी दर्शनाची झोपेची गोळी होऊ लागली आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. दिवसाचे दहा-बारा तास राबून रात्री जेवतानाही मोबाइलवर वरिष्ठांचे हुकूम झेलणाऱ्या नोकरदाराला त्याचीच आस्थापना मनःशांतीच्या वर्गात बसवते आणि सांगते की कामाचा बोजा तुझ्या अधीन नाही, त्याकडे पाहण्याची दृष्टी तेवढी तुझ्या अधीन आहे. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेकडे कधीही न फिरकणारा सभासद किंवा मतदानाच्या दिवशी सहलीला जाणारा नागरिक, कारभार काही आपल्या हाती नाही, असे म्हणून आपल्या उदासीनतेला समत्वाचे नाव देतो. या साऱ्याला आधार घेतला जातो तो स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याचा.

एपिक्टेटसचे चरित्र मात्र या सोयीच्या अर्थाला साक्ष देत नाही. इसवी सन 50 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे जन्मलेला हा पायाने अधू मनुष्य रोममध्ये गुलाम होता, आणि त्याचा धनी एपाफ्रोडिटस हा सम्राट नीरोकडे येणाऱ्या अर्जांचे दप्तर सांभाळणारा कारभारी असल्यामुळे, दरबारची मर्जी कशी फिरते, मालमत्ता कशा जप्त होतात आणि काल ज्याला मुजरे झडत होते तो आज देशोधडीला कसा लागतो, हे त्याने फार जवळून पाहिले असले पाहिजे. पुढे सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केले, तेव्हा तोवर गुलामीतून मुक्त झालेल्या एपिक्टेटसने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस येथे पाठशाळा काढली. स्वतःच्या नावे त्याने काहीच लिहून ठेवले नाही. आरियन या शिष्याने टिपून घेतलेल्या प्रवचनांचे चार भाग आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतून सार काढून केलेली एक लहानशी पुस्तिका आहे, जिच्यावर आजच्या बहुतेक उपदेशकांची भिस्त असते. त्या पुस्तिकेच्या आरंभीच देह, संपत्ती, कीर्ती आणि अधिकारपद यांची गणना पराधीन वस्तूंत केली आहे, हे सगळेच सांगतात. परंतु स्वाधीन गोष्टींत मत, इच्छा आणि तिटकारा यांच्याबरोबरच कृतीकडे नेणारी प्रेरणाही गणली आहे, हे सांगणारा विरळा. फळ माझ्या अधीन नसले तरी पाऊल उचलणे माझ्या अधीन आहे, आणि जे माझ्या अधीन आहे त्याचा जाब मला द्यावाच लागतो, हा त्या विभागणीचा उरलेला अर्धा भाग होय.

हा विचार विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासाठी एपिक्टेटसने उदाहरण घेतले ते रोमच्या सीनेटचा सभासद हेल्विडियस प्रिस्कस याचे. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला निरोप धाडला की सभेस येऊ नये. हेल्विडियसने उलट कळवले की सभासदत्व काढून घेणे सम्राटाच्या हाती आहे, पण ते आहे तोवर हजेरी देणे आपल्याला प्राप्त आहे. यायचे तर मौन धरावे, अशी तडजोड सुचवण्यात आली, तेव्हा मत विचारले नाही तर आपण बोलणार नाही, एवढे त्याने मान्य केले. परंतु विचारणे सम्राटाला रीतीप्रमाणे भाग होते, आणि विचारल्यावर न्याय्य वाटेल ते सांगणे हेल्विडियसला भाग होते. अखेरीस प्राणदंडाची धमकी आली, तीही त्याने या हिशेबाने ऐकून घेतली की मारण्याचा अधिकार त्यांचा आणि न डगमगता मरण्याचा आपला. त्याच कारकिर्दीत तो हद्दपार झाला आणि मारलाही गेला. एकट्याने काय साधले, हा प्रश्न एपिक्टेटस स्वतःच उपस्थित करतो, आणि इतरांपुढे एक उत्तम उदाहरण उभे राहिले, एवढे त्याला पुरेसे वाटते. स्वाधीन-पराधीनाची विभागणी येथे अक्षरशः तीच आहे. पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष सभेला हजर राहण्याचा आहे.

याच पंथातील दोन माणसांची एका प्रसंगी झालेली परीक्षा आठवली की हा भेद अधिक स्पष्ट होतो. इसवी सन 59 मध्ये नीरोने आपल्या आईची हत्या करवली आणि त्या कृत्याचे समर्थन करणारे पत्र सीनेटकडे पाठवले. ते पत्र सेनेकाच्या लेखणीतून उतरले, असा तत्कालीन ठपका टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिणारा, रोज रात्री आपल्या दिवसाची झडती घेण्याचा परिपाठ सांगणारा हाच तो सेनेका. आणि सभागृहात अभिनंदनाचे ठराव एकामागून एक मांडले जात असताना थ्रासिया पीटस, हेल्विडियसचा सासरा, निमूटपणे उठला आणि बाहेर चालता झाला. पुढे सेनेकाला 65 मध्ये आणि थ्रासियाला 66 मध्ये त्याच नीरोच्या हुकुमाने मरण पत्करावे लागले. सेनेकाच्या लेखनाविषयी मला नितांत आदर आहे. तरीही आपल्या तरुणांपुढे आदर्श ठेवायचा झाला तर तो मी थ्रासियाचाच ठेवीन.

आपल्या दैनंदिन आयुष्यात सम्राट नसतात, ही आपली सुदैवाची गोष्ट. पण अर्ज, तक्रारी, मुदती आणि खेटे असतात. स्टोइकांनी यासाठी धनुर्धराचा दृष्टान्त योजला होता: नेम धरणे, प्रत्यंचा ताणणे, बाण सोडणे हे सारे त्याने जीव ओतून करावे, मात्र बाण लक्ष्यावर लागण्यात आपली इतिकर्तव्यता मानू नये. हा दृष्टान्त आपण बाण न सोडण्याची मुभा म्हणून वापरतो. कामाच्या तासांविषयी सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करून रीतसर निवेदन दाखल करणे, ते दप्तरात पडून राहिले तर पुढील वरिष्ठाकडे दाद मागणे, आणि एवढे करूनही ते फेटाळले गेले तर मनात कडवटपणा साठू न देता पुन्हा लिहावयास बसणे, हे आजच्या नोकरदाराचे स्टोइक आचरण होय. निकालाच्या चिंतेपासून मुक्त असलेला माणूस इतका चिवट होऊ शकतो, हेच या विचाराचे खरे बळ आहे.

गेल्या शतकात हे बळ प्रत्यक्ष दाखवले ते अमेरिकेच्या नौदलातील वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनी. स्टॅनफर्ड येथे शिकत असताना एपिक्टेटस त्यांच्या हाती आला. 1965 मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि 1973 पर्यंत ते बंदिवासात राहिले. स्वतःचे मन शाबूत ठेवण्यावर ते थांबले नाहीत. बंदिवानांतील ज्येष्ठ अधिकारी या नात्याने त्यांनी सर्वांसाठी वर्तनाचे नियम घालून दिले, भिंतींवर टकटक करून चालणाऱ्या संदेशांच्या द्वारे बंदिवान एकमेकांपर्यंत पोहोचत राहिले, आणि आपला प्रचारपटासाठी उपयोग होऊ नये म्हणून त्यांनी आपलाच चेहरा विद्रूप करून घेतला.

असे असले तरी स्टोइकांच्या पदरी एक मोठी उणीव आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सेनेकाने आपल्या पत्रांत गुलामही माणूसच आहे, त्याच्याबरोबर एका पंक्तीस बसण्यात कमीपणा नाही, असे कळकळीने लिहिले; पण गुलामगिरी ही संस्थाच मोडली पाहिजे, अशी मागणी ना त्याने केली, ना सम्राट मार्कस ऑरेलियसने, ना गुलामी भोगलेल्या एपिक्टेटसने. ती त्यांना हाताबाहेरची वाटली असावी. एकट्याच्या हाताबाहेरचे जे असते ते अनेकांच्या हातांत येऊ शकते, हा अनुभव जगाने नंतर घेतला, आणि म्हणून आपण त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाण्यास बांधलेले आहोत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. पण घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही, ती आजारी पडली तर पगार कापायचा की नाही, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ते पूर्णपणे घरमालकाच्या अधीन आहे, आणि ज्याच्या उशाशी एपिक्टेटसची पुस्तिका आहे त्याने आपल्या स्वाधीन गोष्टींची यादी तेथून सुरू करावी, अशी माझी त्याला आग्रहाची विनंती आहे.