भामिनी : लोभी की लोभस?

आजचा धागा एका नाटकातील मुलीविषयी आहे आणि तो थोडा लांबणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’च्या कथेवर बेतलेला चित्रपट आला, तेव्हापासून इतिहासाची आवड असलेले तरुण मित्र मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आहेत. भामिनी ही नायिका म्हणावी तरी कशी? ती तर पैशाकडे पाहून नवरा निवडणारी मुलगी! एकाने तर तिला ‘मराठी रंगभूमीवरची पहिली मतलबी पोरगी’ अशी पदवीच देऊन टाकली.

ही पदवी मला मान्य नाही. भामिनी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्या हातून मोठी चूक घडते. पण ज्या चुकीसाठी तिला स्वार्थी म्हटले जाते, ती तिची चूकच नाही.

ज्यांनी नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. धैर्यधर हा पराक्रमी सेनानी, परंतु शौर्याखेरीज पदरी काही नाही. लक्ष्मीधर हा दागिन्यांनी मढलेला धनिक, परंतु भित्रा. श्रीमंत काकासाहेबांची कन्या भामिनी. बापाच्या मनात जावई म्हणून धैर्यधर आहे. मुलगी त्या गरीब शिपायाला नाकारते, आणि तेही अपमान करून. लक्ष्मीधराचे भेकडपण उघडे पडते, तिचे डोळे उघडतात, आणि मग वनमाला नावाची गरीब मुलगी होऊन ती धैर्यधराच्या छावणीत जाते. तो भामिनीचा द्वेष करीत राहतो आणि वनमालेवर प्रेम करू लागतो. विनोद, रुसवेफुगवे, वेषांतर, अखेरीस उलगडा आणि मीलन : आज ज्याला आपण ‘रोमँटिक कॉमेडी’ म्हणतो त्याचे सारे साहित्य येथे आहे.

आता आरोपाकडे वळू. ‘तिने दागिने पाहिले, माणूस पाहिला नाही.’

दागिने म्हणजे काय, हे आधी १९११ च्या घरात शिरून पाहिले पाहिजे. मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मतः हक्क मुलाचा होता, मुलीचा नव्हता. एकत्र कुटुंबातील विधवेला पोटगी मिळे, वाटा मिळत नसे. विधवेला मर्यादित हक्क देणारा कायदा १९३७ चा. मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद ठरवायला महाराष्ट्राला १९९४ साल उजाडावे लागले आणि देशाला २००५. मग स्त्रीचे स्वतःचे म्हणून काय होते? स्त्रीधन, म्हणजे मुख्यत्वे अंगावरचे दागिने. तिच्या आयुष्यातील ती एकमेव तिजोरी होती, आणि ती अंगावर वागवावी लागे. काकासाहेबांच्या वाड्यातील ऐश्वर्य भामिनीचे दिसते, पण ते वरातीच्या दिवसापर्यंतच. त्यानंतर नवऱ्याचे जे असेल त्यावरच जगायचे, आणि त्याचे नसेल तर नाहीवर.

काकासाहेबांना शौर्याचे कौतुक सहज करता येते, कारण त्यांना धैर्यधराबरोबर संसार करायचा नाही. हे वाक्य नाटकात कोणी उच्चारत नाही. त्याची उणीव मला प्रत्येक वेळी जाणवते.

शिपाई नवरा म्हणजे काय, हे मी ज्या गावातून लिहितो आहे त्या हिंगोलीला चांगले ठाऊक होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची येथे छावणी होती. ती १९०३ मध्ये उठली, म्हणजे ‘मानापमान’ रंगभूमीवर येण्याच्या आठच वर्षे आधी. छावणीच्या आसऱ्याने पोट भरणाऱ्या गावाला तलवारीचे पाणी दिसते तसे तिचे हिशेबही दिसतात : तुकडी हलली की बाजार बसतो, शिपाई मेला की घर बसते. नाटकात मात्र लढाई नेहमी जिंकलेली असते आणि धैर्यधर नेहमी धडधाकट परततो. नायिकेचा प्रश्न खोडून काढण्याची ही फार सोयीची रीत आहे.

मग खाडिलकरांनी तिला अशी का रंगवली? याचे उत्तर तिच्या स्वभावात नाही, काळात आहे. खाडिलकर ‘केसरी’च्या मुशीतून आलेले, टिळकांचे निष्ठावंत सहकारी. त्यांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अशा वेळी लिहिलेल्या प्रणयनाटकात श्रीमंत भेकड आणि निर्धन शूर यांच्यापैकी एकाला निवडायचे असते, तेव्हा ती निवड केवळ लग्नाची उरत नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने नि:शस्त्र झालेल्या समाजातील वकील, कारकून आणि मास्तर प्रेक्षागृहात बसलेले आहेत. मान धनाला द्यावा की शौर्याला, हे त्यांना विचारले जात आहे. भामिनी त्यांच्या वतीने चुकते आणि त्यांच्या वतीने सुधारते. तिच्या खांद्यावर एका पिढीचे ओझे टाकले आहे. ते ओझे काढून तिला केवळ मुलगी म्हणून पाहिले, तर तिचा नकार अगदी साधा वाटतो.

आता तिला तिच्या दोन बहिणींशेजारी उभी करू.

पहिली शारदा. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. तेथे कांचनभट पैशासाठी पोटच्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधू पाहतो. पैसा पाहतो तो बाप, आणि मुलीला कोणी विचारीतही नाही. बारा वर्षांनी भामिनीला विचारले जाते, ती नाही म्हणते, आणि आता लोभाचा डाग बापाच्या अंगावरून मुलीच्या अंगावर येतो. मराठी रंगभूमीवरील नायिकेला तोंड फुटले हे खरे, पण उघडल्याबरोबर ते चुकीचे बोलले असे ठरवण्यात आले.

दुसरी रुक्मिणी. खुद्द खाडिलकरांचेच ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चे. रुक्मिणीही घरच्यांनी ठरवलेला वर नाकारते. भावाने पसंत केलेला शिशुपाल तिला नको असतो. तिला आजतागायत कोणी स्वार्थी म्हटलेले नाही. का? कारण तिच्या मनात कृष्ण आहे. लेखक तोच, नकाराची कृती तीच, फरक केवळ पर्यायी वराचा. आपण नायिकेची पारख तिच्या निर्णयाच्या रीतीवरून करीत नाही, तिने निवडलेल्या पुरुषावरून करतो. माझा मुख्य आक्षेप येथे आहे, आणि तो खाडिलकरांपेक्षा आपणा प्रेक्षकांवर अधिक आहे.

रंगभूमीबाहेरही हेच चालले होते. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असे फर्मावले. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. शिकलेली आहे, वडिलांची मिळकत मिळालेली आहे, म्हणून गरीब नवऱ्याला तुच्छ लेखते, हा त्या वेळचा एक लाडका आरोप. तो वाचला की भामिनीवरचे शेरे ओळखीचे वाटू लागतात. खाडिलकर तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्यांनी रखमाबाईंना डोळ्यांपुढे ठेवून भामिनी लिहिली, असा दावा मी करणार नाही. परंतु ‘गरिबाला नाकारणारी गर्विष्ठ मुलगी’ ही प्रतिमा त्या समाजाला नाटकाने नव्याने शिकवावी लागली नाही, इतके निश्चित म्हणता येते.

यातील खरी मौज मात्र प्रयोगात आहे. भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी केली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी दगावली, तरीही ते उभे राहिले आणि प्रयोग झाला, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. त्यांचे गाणे, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, आणि त्यांचे ते उंची शालू, शृंगार, अलंकार! सुखवस्तू घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे नेसू लागल्या, नटू लागल्या. म्हणजे पाहा, दागिन्यांना भुलू नये असे सांगणारे नाटक, आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात ते निम्मे त्या दागिन्यांना भुलायला. वनमालेच्या साध्या लुगड्यावर एवढी गर्दी झाली असती का, याविषयी मला दाट शंका आहे. पुढे ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर असा ‘संयुक्त मानापमान’ मुंबईत झाला, तोही टिळक स्वराज्य फंडासाठी निधी जमवायला. शौर्याची महती गायची आणि त्यासाठी चढ्या दराने तिकिटे विकायची, यात मला ढोंग दिसत नाही. पैसा लागतो, एवढेच दिसते. भामिनीचेही म्हणणे तेवढेच होते.

आता तिची चूक. ती नकारात नाही, अपमानात आहे. ‘मला हा संसार झेपणार नाही’ असे म्हणणे वेगळे आणि ‘तू गरीब आहेस म्हणून क्षुद्र आहेस’ असे सुनावणे वेगळे. पहिल्यात ती स्वतःविषयी बोलते, दुसऱ्यात समोरच्या माणसाची किंमत ठरवते. धैर्यधराला लागते ते हे दुसरे, आणि लागायलाच हवे. नाटकाचे नावही ‘नकार’ नाही, ‘मानापमान’ आहे. दुर्दैवाने कथेच्या ओघात दोन्हींचा गुंता होतो. जिभेच्या अपराधाबद्दल शिक्षा व्हायला हवी होती. शिक्षा होते ती निवडीबद्दल.

आणि ती शिक्षा भोगण्याची तिची तऱ्हा मात्र मला विलक्षण आवडते. १७७३ मध्ये गोल्डस्मिथच्या एका प्रसिद्ध इंग्रजी नाटकात केट नावाची सुखवस्तू मुलगी खानावळीतल्या मोलकरणीचे सोंग घेते, कारण कुलीन मुलींसमोर बोबडी वळणारा तिचा नियोजित वर गरीब मुलींपुढे मोकळा होतो. केट त्याला पारखते. भामिनी वरवर तेच करते, पण तिच्या सोंगात पश्चात्ताप आहे आणि धाडसही आहे. बाप तिला पाठवीत नाही. ज्याला न ओळखताच झिडकारले तो माणूस आहे तरी कसा, हे पाहायला ती स्वतः जाते, आणि तेथे स्वतःच्याच नावाची निंदा त्याच्या तोंडून ऐकून घेते. एखाद्या माणसाविषयी आपले मत चुकले हे कळल्यावर आपल्यापैकी किती जण त्याच्या दारापर्यंत जातात? धैर्यधराने भामिनीविषयीचे मत बदलण्यासाठी असा एकही श्रम घेतलेला नाही. तो आपल्या रागात सुखाने बसलेला आहे. स्वार्थी हा शब्द वापरायचाच असेल तर निदान दोघांत वाटून द्यावा.

हे सारे जुने झाले असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या हिंगोली जिल्ह्यात लग्नसराईत एक फेरी मारावी. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही. चावडीवर, चहाच्या टपरीवर, सोयरिकीच्या बैठकीत गाऱ्हाणे एकच : पोरींना शेतकरी नवरा नको, नोकरीवालाच हवा, पोरी फार शेफारल्या. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. तिशी ओलांडलेला, हळद आणि सोयाबीन पिकवणारा माझा एक चुलतभाऊ चार स्थळांकडून नाकारला गेला आहे. चौथ्या वेळी मुलीकडच्या एका पाहुण्याने हसत विचारले होते, ‘जमीन पावसावर की देवावर?’ त्या हसण्याचा राग मला आजही येतो. त्या मुलीच्या नकाराचा येत नाही. तिच्या आईने कोरड्या वर्षात काय सोसले असेल, हे तिने घरात पाहिलेले आहे.

आणि इतिहासाची गंमत पाहा. ज्या हिंगोलीत एकेकाळी कंटिंजंटची छावणी होती, तेथे आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. पहाटे रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. त्यातला एखादा भरती झाला की महिनाभरात स्थळांची रीघ लागते. भामिनीने नाकारलेला शिपाई आज आमच्याकडचा सर्वांत मागणी असलेला वर आहे. शौर्य तेव्हाही होते, आजही आहे. मधल्या काळात त्याला दरमहा वेतन आणि निवृत्तिवेतन जोडले गेले. काकासाहेबांनी मुलीला तेवढे कागद दाखवले असते, तर नाटक बहुधा पहिल्याच अंकात आटोपले असते आणि आपण बालगंधर्वांच्या वनमालेला मुकलो असतो.

नाटकाचा प्रयोग किंवा ध्वनिमुद्रण मिळाले तर पहिला अंक पुन्हा ऐका. भामिनी नेमके काय नाकारते आणि कोणत्या शब्दांत, हे वेगवेगळे टिपून ठेवा. तुमचे मत माझ्याविरुद्ध गेले तरी खाली जरूर लिहा, त्यावर बोलू.