बाळाजीपंत नातू : शिव्या पुरे, हिशेब मांडा

१/ नातूंचे नाव निघाले की शनिवारवाड्यावरचे निशाण आठवते आणि शिव्यांचा भडिमार सुरू होतो. वस्तुतः निशाण ही त्या कारकिर्दीतील किरकोळ बाब होय.

२/ १८१७ पूर्वीच पेशवे दरबारच्या बातम्या ते एल्फिन्स्टनकडे पोहोचवीत होते. पुढे साताऱ्यात ग्रँट डफच्या हाताखाली कारभार पाहिला. कंपनीचे इनाम मिळाले.

३/ खरा घाव १८३९ चा. छत्रपती प्रतापसिंहांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा व कंपनीचे शिपाई फितवल्याचा आरोप आला. महाराजांच्या पक्षाने त्यामागे नातूंचा हात असल्याचे उघड म्हटले.

४/ पण निकाल कोणी दिला? गव्हर्नर कार्नॅकने. आरोप कबूल करा, गादी राखा, ही त्याची अट. महाराजांनी ती नाकारली. गादी गेली, काशीचा बंदिवास आला.

५/ सारे पाप एका नातूवर, किंवा त्यांच्या जातीवर, लोटणे म्हणजे कंपनीला निर्दोष सोडणे. बातमीदार बातमी विकतो. राज्य गिळतो तो विकत घेणारा.

६/ रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडले ते कंपनीच्या संचालकांशी. प्रतिवादी कोण, हे त्यांना नेमके ठाऊक होते.