संमतीवाचून कापलेला हप्ता

मृग नक्षत्र जवळ आले की वर्धा जिल्ह्यातील बँकांच्या शाखांपुढे पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी रांगा लागतात. देवळी असो, हिंगणघाट असो की आर्वी, दृश्य एकच. सातबाराचा उतारा आणि जुने खातेपुस्तक घेऊन आलेल्या शेतकऱ्यापुढे कागदांची चळत सरकवली जाते आणि बोट ठेवून सांगितले जाते, इथे, इथे आणि इथे सही करा. पेरणी तोंडावर आलेली, बियाणे अजून घ्यायचे आहे. अशा वेळी त्या कागदांत काय लिहिले आहे हे वाचण्याची उसंत कोणाला असणार? पुढे केव्हातरी खातेउताऱ्यात एक ओळ दिसते : विमाहप्ता, वजा. हा विमा कशाचा, कोणत्या कंपनीचा, तो मागितला कोणी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते.

रक्कम हातावर ठेवतानाच तीतून काही कापून घ्यायचे, ही सावकाराची जुनी रीत. तिच्याविरुद्ध कायदे झाले, चळवळी झाल्या. आज तीच रीत विम्याचे सभ्य नाव धारण करून बँकेच्या काउंटरवर येऊन बसली आहे आणि तिच्याविषयी आपल्या चळवळीत जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही विम्याच्या विरुद्ध नाही. पीकविमा ही तर शेतकरी चळवळीची आणि समाजवादी विचाराची जुनी मागणी. वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये क्षेत्राधारित पीकविम्याची कल्पना मांडली. प्रत्येक शेताचे नुकसान मोजत बसण्यापेक्षा एका परिसराचे सरासरी उत्पन्न किती घटले ते पाहून त्या परिसरातील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, असे ते सूत्र होते. १९८५ मध्ये देशव्यापी योजना आली, परंतु ती पीककर्जाला जोडूनच. १९९९ च्या रब्बीपासून दुसरी योजना आली, २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा, ही अट मात्र कायम राहिली. त्या वेळी आपणही या सक्तीला फारसा विरोध केला नाही. सर्वांचा विमा उतरला तर हप्ता कमी बसेल, हा युक्तिवाद आपल्याला पटला होता. त्यात तथ्य होते, पण विम्याने पहिले संरक्षण कोणाचे झाले, शेतकऱ्याचे की बँकेच्या थकबाकीचे, हा प्रश्न आपण विचारला नाही.

२०२० च्या खरिपापासून केंद्र सरकारने ही सक्ती उठवली. वर्तमानपत्रांत मथळे आले, आता विमा ऐच्छिक. परंतु नियमाचा तपशील वाचला की ऐच्छिक या शब्दाचा सरकारी अर्थ उलगडतो. कर्जदार शेतकऱ्याला विमा नको असेल, तर विम्याच्या अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी त्याने तसे लेखी घोषणापत्र शाखेत द्यावयाचे. दिले नाही, तर त्याला विमा हवा आहे असे समजून हप्ता कापला जाणार. मौन म्हणजे संमती ही म्हण आपल्याकडे आहे खरी. पण जे विचारलेच गेले नाही त्याविषयीचे मौन हीदेखील संमती, हा शोध नवा आहे. ज्याला नकार द्यावयाचा असतो हेच माहीत नाही, तो नकार देणार कसा?

मध्यंतरी हा प्रश्न झाकला गेला. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरावा व त्याच्या हिश्श्याची उरलेली रक्कम राज्याने द्यावी, अशी योजना होती. एका रुपयासाठी घोषणापत्र कोण लिहीत बसणार! २०२५ मध्ये ती योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा परत आला. खरिपातील अन्नधान्य व गळितधान्यांना विमासंरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत, ही केंद्रीय योजनेची चौकट आहे. वर्धा हा कापसाचा आणि सोयाबीनचा जिल्हा. हप्त्याची वजावट येथे पुन्हा जाणवण्याजोगी झाली आहे आणि म्हणून संमतीचा प्रश्नही पुन्हा जिवंत झाला आहे.

पीकविमा निदान शेतकऱ्याच्या शेताचा तरी असतो आणि त्यात सरकारही हप्ता भरते. कर्जाला चिकटवला जाणारा दुसरा विमा याहून वेगळा आणि अधिक फायद्याचा. फायद्याचा, म्हणजे विकणाऱ्याच्या. घरकर्ज, ट्रॅक्टरचे कर्ज, मायक्रोफायनान्स कंपनीचे महिला गटाला मिळणारे कर्ज, या सर्वांबरोबर कर्जदाराच्या आयुष्याचा विमा उतरवला जातो. कर्जदार दगावला तर विमा कंपनीने कर्ज फेडावे, ही कल्पना वाईट नाही. वाईट आहे ती विकण्याची रीत. विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही, असे तोंडी सांगितले जाते. कागदावर मात्र कर्जदाराने स्वेच्छेने घेतला, असे छापलेले असते. हप्ता एकरकमी असतो आणि तो कर्जातच मिळवला जातो. समजा, घरकर्जात ४०,००० रुपयांचा हप्ता मिळवला, व्याज ९ टक्के आणि मुदत १५ वर्षे. त्या चाळीस हजारांपोटी कर्जदार महिन्याला सुमारे ४०६ रुपये भरतो आणि पंधरा वर्षांत सुमारे ७३,००० रुपये मोजतो. कर्ज घराचे, आणि व्याज विम्याचेही.

या विक्रीमागे कमिशन आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२३ पासून कमिशनवरील स्वतंत्र मर्यादा उठवून, एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कमिशन ठरवण्याची मुभा कंपन्यांना दिली. १९ जुलै १९६९ रोजी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपण दिवाळी साजरी केली होती. बँक आता शेतकऱ्याच्या दारी जाईल, असे आपण सांगत होतो. त्याच राष्ट्रीयीकृत बँका आज खाजगी भागीदारी असलेल्या विमा कंपन्यांच्या विक्रेत्या झाल्या आहेत. शाखेतील कर्मचाऱ्याला विमाविक्रीचे उद्दिष्ट दिले जाते आणि त्याचा जाब वरून विचारला जातो. तोही या यंत्रणेत भरडला जाणारा श्रमिकच आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी शाखेत भांडायला जाताना विसरू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांच्या अशा विमाविक्रीमुळे कर्ज अप्रत्यक्षपणे महाग होते, असे जाहीरपणे सांगितले. सांगितले, आणि विक्री चालू राहिली.

हा रोग काही आपल्याच देशातला नाही. ब्रिटनमध्ये गृहकर्ज, वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांच्याबरोबर हप्तासंरक्षण विमा वर्षानुवर्षे विकला गेला. आजारपण किंवा बेकारी आली तर कंपनी हप्ते भरेल, असे आश्वासन होते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना आणि निवृत्तांनाही तो विकला. नोकरी जाण्याचा प्रश्नच नसल्याने त्यांना त्याचा लाभ मिळणेच कठीण होते. नागरिकांना मोफत सल्ला देणाऱ्या संघटनेने २००५ मध्ये रीतसर तक्रार केली. नियामकाने जुन्या विक्रीचीही फेरतपासणी करावयास लावली, तेव्हा बँका न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये हरल्या. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचे प्रकरण आले. तिने भरलेल्या ५,७८० पौंडांच्या हप्त्यापैकी ७१.८ टक्के रक्कम कमिशनपोटी गेली होती आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते. हे लपवणे अन्याय्य होय, असा निकाल लागला. दावे दाखल करण्याची मुदत २९ ऑगस्ट २०१९ रोजी संपली, तोवर आणि त्यानंतरच्या निपटाऱ्यात मिळून सुमारे ३,८०० कोटी पौंड लोकांना परत द्यावे लागले. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडले! बँकांना उपरती झाली म्हणून घडले नाही; लक्षावधी सामान्य माणसांनी आपले जुने कर्जाचे कागद शोधून काढले म्हणून घडले.

आपल्याकडे कायद्याचा आधार नाही, असे मात्र नाही. एक सेवा हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला विम्यासारखी गोष्ट पूर्ण संमतीनेच द्यावयाची आणि तिचे शुल्क कर्जाच्या कार्डावर लिहावयाचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाच्या प्रत्येक नव्या प्रकरणात मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे आणि विम्याचा खर्च त्यात वेगळा दाखवावा लागतो. जीवनविम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करून हप्ता मागता येतो. पीकविम्यात शाखेने पीक किंवा गाव चुकीचे नोंदवले आणि त्यापायी भरपाई बुडाली, तर तिची जबाबदारी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँकेवर येते. हे शेवटचे कलम कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावे. शेतात कापूस, ई-पीक पाहणीत कापूस आणि विम्यात सोयाबीन, असा घोळ झाला की शेतकऱ्यालाच दोष दिला जातो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे आणि ती लिहिताना लेखणी अडखळते. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. घरातला कर्ता गेला की कर्जाची वसुली थांबत नाही; ती विधवेकडे वळते. पण त्या कर्जावर विमा उतरवला होता, त्याचा हप्ता नवऱ्याने भरला होता, हे तिला कोण सांगणार? समूह पॉलिसी संस्थेच्या नावे, आणि विम्याचे प्रमाणपत्र बहुधा घरात पोचलेलेच नसते. आत्महत्या म्हणजे विमा नाही, हीदेखील एक पसरवलेली समजूत. पहिल्या वर्षानंतरच्या आत्महत्येला जीवनविम्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे असते. पहिल्या वर्षातही हप्त्याचा मोठा भाग परत मिळतो. कर्जाची शिल्लक तेवढी संस्थेची, उरलेली रक्कम वारसाची. ज्या घरातून दरमहा हप्ता वसूल होतो आहे, तेथे मुळात ते कर्ज कंपनीने केव्हाच फेडावयास हवे होते, अशी शक्यता असते. आपल्या एकाही तालुका शाखेने अशा घरांचे कागद पाहिले आहेत काय?

एकट्या शेतकऱ्याकडून हे होणार नाही. हजार-दोन हजार रुपयांसाठी तो मजुरी बुडवून वर्ध्याला खेटे घालणार नाही आणि पुढच्या हंगामात त्याच शाखाधिकाऱ्यापुढे उभे राहावयाचे असल्याने भांडणही घेणार नाही. म्हणून काम सामुदायिक हवे. समान हिताच्या अनेक ग्राहकांतर्फे, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. २०२० च्या खरिपाची भरपाई ७२ तासांत सूचना दिली नाही या सबबीवर नाकारली गेली, तेव्हा तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, असा आदेश मे २०२२ मध्ये झाला. कंपनी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली, हे खरे. पण तिला उत्तर द्यावे लागले.

ब्रिटनच्या अनुभवातील एक इशाराही लक्षात घ्यावा. तेथे लोकांचे पैसे मिळवून देतो म्हणून दलाल कंपन्यांचे पेव फुटले आणि परत आलेल्या रकमेचा लचका त्यांनी तोडला. शेवटी कायद्याने त्यांच्या वाट्यावर मर्यादा आणावी लागली. आपल्याकडे दलालांना आमंत्रण द्यावे लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि विमा लोकपाल, दोहोंकडे तक्रार मोफत होते. आधी संबंधित बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार द्यावयाची, ३० दिवस वाट पाहावयाची, मग लोकपालाकडे जावयाचे, एवढा हा मार्ग सरळ आहे. त्यासाठी टक्केवारी मागणारा, तो आपल्या पक्षाचा झेंडा घेऊन आला तरी, गावात उभा राहू देऊ नये.

तालुका शाखांनी येत्या महिन्यात निदान दोन-दोन गावे निवडावीत. कर्जमंजुरीचे पत्र, खातेउतारा, विम्याचे प्रमाणपत्र आणि बचतगटातील बायकांची कर्जाची कार्डे, एवढे कागद चावडीवर बसून पाहिले तरी पुष्कळ उलगडेल. ज्याला पीकविमा हवा त्याने तो जरूर घ्यावा, आणि अर्जातले पीक, गट क्रमांक, क्षेत्र स्वतः तपासावे. ज्याला नको त्याचे घोषणापत्र वेळेत जावे : खरिपाची अंतिम तारीख ३१ जुलै असेल तर २४ जुलैपर्यंत, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेऊनच कार्यकर्त्याने बाहेर पडावे.