आठ ओळींचा औदुंबर

5 मे हा बालकवींचा स्मृतिदिन. 1918 साली याच दिवशी जळगावजवळ भादली स्थानकाशी रूळ ओलांडताना त्र्यंबक बापूजी ठोंबरे रेल्वेखाली सापडले. वय अवघे 27. फुलराणी आणि श्रावणमास त्यांच्या नावावर घरोघर पोचले आहेत. आज मात्र आम्हाला आठवण काढायची आहे ती ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेची.

आमच्या न्हावरे गावात मे महिना शांततेचा नसतो. लग्नसराईचे बँड, जत्रांचे भोंगे, शिरूर-चौफुला रस्त्यावरची रात्रंदिवस वाहतूक. घोडगंगा कारखान्यामुळे हे गाव ओळखले जाते आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवर मोठमोठ्याने वाजणारी गाणी इथल्या कानांना सरावाची आहेत. कष्टाची कामे करणाऱ्या माणसांची ती सोबत आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण दिवसभरात एकही क्षण स्वतःच्या मनाशी बोलायला मिळू नये, ही अवस्था चांगली नाही. म्हणून ही कविता.

आठ ओळींत शांततेचा उच्चारसुद्धा नाही. आधी दोन्ही काठांवरची हिरवळ आणि मधून वाहणारा झरा दिसतो. मग टेकडीकडचे चार घरांचे गाव, त्यापुढची दाट शेते. शेतांतून वाकडीतिकडी निघालेली पांढरी पायवाट नजरेला धरून डोहापर्यंत आणते. निळा, हिरवा, पांढरा आणि शेवटी काळा असा रंगांचा प्रवास होतो. गाव आहे पण माणूस दिसत नाही, वाट आहे पण तिच्यावर पाऊल नाही. ‘मी’ तर कुठेच नाही. वाहणारे, पसरणारे सगळे मागे पडल्यावर अगदी शेवटच्या ओळीत पाण्यात पाय टाकून बसलेले झाड भेटते आणि त्याच्या नावावर कविता थांबते. पुढे एक शब्दही नाही.

त्या झाडात कोणी विरक्त तपस्वी पाहिला, कोणी उदास मन. अर्थ लावायला हरकत नाही, पण वर्गात कविता वाचून होते न होते तोच ‘औदुंबर कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न फळ्यावर येतो, तिथे आमचा आक्षेप आहे. कवीने मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा आपण घाईने भरून टाकतो. डोहाकाठी पोचलेल्या वाचकाला तिथे थोडे बसू द्यावे. झाड काय विचार करते, हे कवी सांगत नाही, म्हणूनच आपण कशाचा विचार करतो आहोत, हे वाचकाला कळू लागते. आत्मपरीक्षणाचा उपदेश करणाऱ्या कविता मराठीत पुष्कळ आहेत. उपदेशाशिवाय ते करायला लावणारी एवढी छोटी कविता आम्हाला दुसरी आठवत नाही.

बालकवी आपल्याला वाटतात तितके दूरचेही नाहीत. शिरूरवरून जाणारा पुणे-नगर रस्ता ज्या गावी पोचतो, त्या नगरमध्ये कवी रेव्हरंड टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या घरी हा तरुण घरच्या मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्याच्या हळव्या, हट्टी स्वभावाचे दर्शन घडते.

आणि औदुंबर म्हणजे आपला उंबर. घोड आणि भीमेच्या काठांना तो परका नाही. बुंध्यालाच घोसाने लगडलेली फळे, काही हिरवी, काही तांबूस. पिकलेले एखादे दोन बोटांनी फोडले तर आत बारीक किडे वळवळताना दिसतात. खाली पडलेल्या फळांचा चिखल झालेला असतो, वर पाखरांचा कलकलाट चालू असतो. खरे झाड असे गजबजलेले असते. बालकवींनी ती गजबज बाजूला ठेवून फक्त त्याचे बसणे टिपले, हे त्यांचे सामर्थ्य.

शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत, मुले घरी आहेत. ही कविता सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. आज संध्याकाळी घरातल्या एकाने ती मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. वाचून झाल्यावर लगेच कोणी कोणाला अर्थ विचारू नये, एवढीच आमची विनंती आहे.